कराची ते मुंबई : अंतर आणि अवधि

दोन गांवांमधील अंतर किती, हा प्रश्न शाळेंतल्या मुलासहि सोपा वाटतो. नकाशा उघडावा, प्रमाण पाहावें, पट्टी लावावी, कीं उत्तर हातीं आलें. परंतु एका गांवाहून दुसऱ्या गांवास जावयास वेळ किती लागतो, हा प्रश्न तितका सोपा नाहीं. त्याचें उत्तर वाहनाच्या वेगावर अवलंबून असतें, वाऱ्यापावसावर अवलंबून असतें, आणि पुष्कळदां सरकारी दप्तरांतील कागदावरहि अवलंबून असतें. अंतर भूगोलाच्या पुस्तकांत सांपडतें. अवधि मात्र इतिहासांत शोधावा लागतो. अरबी समुद्राच्या कांठीं वसलेल्या कराची आणि मुंबई ह्या दोन बंदरांनीं ही गोष्ट जितकी स्पष्ट करून दाखविली आहे, तितकी दुसऱ्या कोणत्या जोडीनें क्वचितच दाखविली असेल.

प्रथम अंतराचा हिशेब पाहूं. कराचीचा विमानतळ आणि मुंबईचा विमानतळ ह्यांमधील हवाई अंतर सुमारें ८७५ किलोमीटर, म्हणजे जुन्या मापानें जवळजवळ ५४५ मैल आहे. पृथ्वी गोल असल्यामुळें ज्यास आपण सरळ रेषा म्हणतों, ती वास्तविक एका महावर्तुळाचा तुकडा असते. परंतु एवढ्या पल्ल्यांत तिचा बांक हिशेबांत न धरला तरी चालतें. मुंबईहून बंगळूर जितकें दूर आहे, त्याहून कराची किंचितच अधिक दूर आहे. झोतयंत्राचें म्हणजे जेट विमान ताशीं आठशे किलोमीटरांच्या वेगानें जातें. चढण्याउतरण्यांत त्याचा वेग कमी असतो, आणि जमिनीवर धांवपट्टीपर्यंत जाण्यायेण्यांतहि कांहीं मिनिटें जातात. हें सर्व धरूनहि कराची ते मुंबई हा दीड तासाचा प्रवास होय. सकाळची न्याहारी एका शहरीं करावी आणि दुपारच्या जेवणाच्या पुष्कळ आधीं दुसऱ्या शहरीं पोंचावें, एवढेंच हें अंतर आहे.

हीं दोन शहरें केवळ भूगोलानेंच जवळ होतीं असें नाहीं. इंग्रजांनीं सिंध प्रांत १८४३ सालीं जिंकला आणि १८४७ सालीं तो मुंबई इलाख्यास जोडला. तेव्हांपासून १ एप्रिल १९३६ पर्यंत, म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षें, कराचीचा कारभार मुंबईच्या गव्हर्नराच्या हाताखालीं चालत असे. सरकारी नोकर, वकील, शिक्षक, व्यापारी ह्यांची दोहोंकडे सारखी ये-जा होती. कराचींतील नारायण जगन्नाथ विद्यालय ही सिंधमधील पहिली सरकारी शाळा. तिची स्थापना १८५५ सालची असून, तिला ज्यांचें नांव दिलें गेलें ते नारायण जगन्नाथ वैद्य हे सिंधच्या शिक्षणखात्यांतील महाराष्ट्रीय अधिकारी होते. सिंधी भाषेच्या एका लिपीस नियमित रूप देण्याच्या कामींहि त्यांचा हात होता. कराचींत मराठी घरें होतीं, गुजराथी पेढ्या होत्या, पारशी दवाखाने होते. मुंबईंत सिंधी व्यापाऱ्यांच्या वखारी होत्या. एका घरांतील दोन खोल्यांप्रमाणें हीं दोन बंदरें वागत असत.

तरीसुद्धां ह्या खोलींतून त्या खोलींत जावयास वेळ बराच लागे. समुद्रमार्गानें हें अंतर सुमारें पांचशे सागरी मैल भरतें. ताशीं बारा सागरी मैल चालणारी आगबोट घेतली, तर वाटेंत कोठेंहि न थांबतां बेचाळीस तासांच्या आसपास लागणार, हा साधा त्रैराशिकाचा हिशेब आहे. आगगाडीचा मार्ग समुद्राहूनहि वांकडा होता. मुंबईहून अहमदाबाद, तेथून मारवाड, लुणी, बाडमेर असा राजपुतान्याच्या वाळवंटांतून वळसा घेऊन गाडी सिंधमधील हैदराबादेस जाई आणि मग कराचीस पोंचे. मधल्या मोठ्या टप्प्यांत मीटरमापाची अरुंद लोहवाट असल्यामुळें गाडी बदलावी लागे. सरळ अंतराच्या दीडपटीहून अधिक मार्ग आक्रमिल्याशिवाय मुंबईच्या उतारूस कराची दिसत नसे. मधें कच्छचें रण आणि कच्छचें आखात पसरलेलें असल्यामुळें जमिनीवरून सरळ जाण्यास वाटच नव्हती. निसर्गानें घातलेला हा अडसर ओलांडावयाचा, तर तो आकाशांतूनच ओलांडणें शक्य होतें.

आकाशमार्गाचें महत्त्व कराचीस प्रथम कळलें, ह्याचें कारण तिचें स्थान. युरोपांतून इराणच्या आखातामार्गें हिंदुस्थानाकडे येणाऱ्या विमानास ह्या देशाचें पहिलें मोठें शहर लागे तें कराची. ३० मार्च १९२९ रोजीं इंपीरियल एअरवेज ह्या इंग्रज कंपनीनें लंडन ते कराची अशी आठवड्याची हवाई सेवा सुरू केली. तिला ‘हवाई’ म्हणावयाचें तें कांहीं अंशींच. कारण क्रॉयडनहून निघालेला उतारू बाझलला विमानांतून उतरून आगगाडींत बसे, जिनोआ येथें समुद्रविमानांत चढे, अलेक्झांड्रियाहून कैरोपर्यंत पुन्हां आगगाडीनें जाई, आणि तेथून विमानानें कराचीस येई. एवढी उठाठेव करूनहि सात दिवसांत टपाल कराचीस पोंचत असे. आगबोटीनें विलायतेची डाक मुंबईस येण्यास सुमारें दोन आठवडे लागत, हें लक्षांत घेतलें म्हणजे ह्या सात दिवसांचें मोल कळतें.

त्याच काळांत कराचीनें एक मोठें दिवास्वप्नहि पाहिलें. प्रचंड वायुपोतांनीं इंग्लंड आणि हिंदुस्थान जोडण्याची योजना ब्रिटिश सरकारनें आंखली, आणि कराचीजवळ ड्रिग रोडच्या परिसरांत त्या वायुपोतासाठीं एक अवाढव्य पडवी उभारली. आर १०१ नांवाचा वायुपोत हिंदुस्थानाकडे निघाला खरा. परंतु ५ ऑक्टोबर १९३० रोजीं फ्रान्समधील बोव्हे गांवाजवळ तो कोसळला आणि जळून खाक झाला. ज्या पाहुण्यासाठीं घर बांधलें, तो पाहुणा कधीं आलाच नाहीं. कराचीचे लोक त्या पडवीस ‘काला छपरा’ म्हणत, आणि ती पुढें कित्येक वर्षें त्या उजाड मैदानांत उभी होती. लहान विमानांकडे आशेनें पाहण्याची पाळी त्यामुळेंच आली.

विलायतेचें टपाल कराचीस सात दिवसांत आलें, तरी मुंबईच्या व्यापाऱ्यास त्याचा लाभ पुरता होत नसे. कराचीहून पुढें तेंच टपाल आगगाडीनें अथवा आगबोटीनें आणावयाचें, म्हणजे विमानानें वांचविलेल्या दिवसांपैकीं निदान दोन दिवस वाटेंतच गमवावयाचे. मद्रासचे हाल तर ह्याहून अधिक. ही उणीव हेरली ती नेव्हिल व्हिंट्सेंट ह्या इंग्रजी हवाई दलांतील माजी वैमानिकानें. कराचीहून अहमदाबाद, मुंबई आणि बल्लारीमार्गें मद्रासपर्यंत टपाल नेणारी सेवा काढावी, अशी योजना घेऊन तो टाटांच्या पेढीकडे आला. जहांगीर रतनजी दादाभाई टाटा हे तेव्हां पंचविशीच्या आंतबाहेरचे तरुण होते. १० फेब्रुवारी १९२९ रोजीं त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला होता, आणि त्या परवान्यावर पहिला क्रमांक होता. पेढीचे प्रमुख सर दोराबजी टाटा ह्यांचें मन वळविण्यांत आलें, आणि दोन लक्ष रुपयांचें भांडवल ह्या कामीं घालण्यास त्यांनीं अनुमति दिली. सरकारशीं बोलणीं मात्र दीर्घकाळ चाललीं. शेवटीं २४ एप्रिल १९३२ रोजीं करार झाला. त्यांत सरकारी अर्थसाहाय्याची तरतूद नव्हती. जेवढ्या वजनाचें टपाल वाहिलें जाईल, तेवढ्याचाच मोबदला मिळावयाचा होता.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजीं सकाळीं साडेसहाच्या सुमारास ड्रिग रोडच्या विमानतळावरून एक लहानसें विमान आकाशांत चढलें. ‘पस मॉथ’ जातीचें हें विमान एका यंत्राचें होतें. तें चालविणारे जहांगीर टाटा हेच त्यांतील एकमेव मनुष्य. बरोबर ओझें होतें तें सुमारें पंचावन्न पौंड टपालाचें. विमानांत बिनतारी यंत्र नव्हतें, खालीं मार्ग दाखविणारे दीप नव्हते, हवामानाची खबर देणारें कोणी वाटेंत बसलेलें नव्हतें. खालची नदी, किनारा, लोहमार्ग ओळखावे आणि होकायंत्राच्या आधारानें पुढें जावें, एवढीच साधनसामग्री होती. अहमदाबादेस विमान उतरलें, तेव्हां त्याच्यासाठीं बैलगाडींतून आणलेले पेट्रोलचे चार-चार गॅलनचे डबे तयार होते. ताशीं शंभर मैल धांवणाऱ्या यंत्राचें पोट ताशीं दोन मैल चालणाऱ्या बैलांनीं भरलें, आणि मग तें दक्षिणेकडे निघालें. दुपारीं दोन वाजण्यापूर्वींच तें जुहूच्या मैदानावर येऊन टेकलें. तेथून व्हिंट्सेंट ह्यांनीं दुसऱ्या विमानानें टपाल पुढें नेलें. रात्रीं बल्लारीस मुक्काम करून दुसऱ्या दिवशीं, १६ तारखेस, ते मद्रासेस पोंचले.

सात तासांहून थोडा अधिक वेळ ह्या पहिल्या टप्प्यास लागला. आजच्या दीड तासाच्या मानानें हा काळ मोठा वाटेल. पण त्याची फोड करून पाहिली, तर त्यांत वायां गेलेला वेळ फारसा आढळत नाहीं. एका यंत्राच्या विमानास उघड्या समुद्रावरून सरळ आणणें धोक्याचें होतें. यंत्र बंद पडलें तर उतरावयास जागा नाहीं. शिवाय वाटेंत इंधन घेणेंहि आवश्यक होतें. म्हणून अहमदाबादेचा वळसा घ्यावा लागला. कराची ते अहमदाबाद सुमारें ५९० आणि अहमदाबाद ते मुंबई सुमारें ४४५ किलोमीटर, मिळून जवळजवळ १,०३५ किलोमीटरांचा मार्ग झाला. ताशीं १६० किलोमीटरांच्या वेगानें त्यास साडेसहा तास लागावयाचे. उरलेली पाऊणएक तासाची वेळ अहमदाबादच्या मुक्कामांत गेली. निसर्गानें मागितली तेवढी आणि यंत्रास लागली तेवढीच वेळ ह्या प्रवासांत खर्च झाली. मनुष्यानें त्यांत स्वतःची अशी कोणतीहि अडचण घातलेली नव्हती. कराची आणि मुंबई एकाच इलाख्यांत असल्यामुळें हें उड्डाण म्हणजे घरांतल्या घरांतलें उड्डाण होतें.

पुढें ही सेवा नियमित सुरू राहिली, आणि तिची खरी परीक्षा पावसाळ्यानें घेतली. जुहूचा विमानतळ समुद्राच्या लगत, सखल जागेंत. कार्यालय म्हणजे ताडाच्या झांवळ्यांनीं शाकारलेली एक पडवी. पाऊस लागला कीं सारें मैदान पाण्याखालीं जाई. तेव्हां वैमानिकांनीं आपलें बिऱ्हाड पुण्यास हलवावें आणि येरवड्याच्या मैदानावरून विमानें उडवावीं, असा क्रम ठरला. घाटमाथ्यावरील ढग, कोंकणांतील मुसळधार आणि खालीं दिसेनासे झालेले डोंगर ह्यांतून वाट काढीत टपाल न्यावयाचें होतें. तरीहि पहिल्या वर्षांत ह्या विमानांनीं १,६०,००० मैलांचा प्रवास केला, सुमारें दहा टन टपाल वाहिलें आणि १५५ उतारूंना नेलें. पहिल्या वर्षाअखेरचें टपाल कराचीस ठरल्या वेळीं पोंचलें, तेव्हां वर्षभरांत एकहि फेरी चुकलेली नाहीं, हें पाहून सरकारच्या मुलकी विमानखात्यानें आपल्या अहवालांत ह्या सेवेचा गौरव केला. जीं विमानें आज खेळण्यासारखीं वाटावीं, त्यांच्या बळावर राखलेला हा वक्तशीरपणा होता.

१९३६ सालीं सिंध वेगळा प्रांत झाला, तरी कराची–मुंबईच्या येण्याजाण्यास त्यानें बाध आला नाहीं. १९३८ सालीं साम्राज्यांतील टपाल विमानानें नेण्याची मोठी योजना सुरू झाली, आणि कराचीहून दक्षिणेकडे जाणाऱ्या टपालाचें ओझें एकदम वाढलें. पस मॉथच्या जागीं मोठीं विमानें आलीं. दुसऱ्या महायुद्धानंतर डाकोटा विमानें मुबलक मिळूं लागलीं. त्यांच्या ताशीं २७० किलोमीटरांच्या वेगानें कराची मुंबईपासून सव्वातीन तासांवर आली. १९४६ सालीं टाटांच्या विमानसंस्थेचें ‘एअर-इंडिया’ ह्या नांवानें सार्वजनिक कंपनींत रूपांतर झालें. चौदा वर्षांत सात तासांचे सव्वातीन तास झाले होते. हाच क्रम चालू राहिला असता, तर ह्या कथेंत सांगण्यासारखें फारसें उरलें नसतें.

परंतु ऑगस्ट १९४७ मध्यें हिंदुस्थानची फाळणी झाली आणि कराची ही पाकिस्तानची राजधानी झाली. त्या वर्षाच्या उत्तरार्धांत आणि १९४८ मध्यें कराचीच्या बंदरांतून सिंधी हिंदूंच्या झुंडीच्या झुंडी आगबोटींत बसून मुंबईस आल्या. कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत त्यांतील असंख्य कुटुंबांना आसरा देण्यांत आला, आणि त्या छावण्यांचेंच पुढें उल्हासनगर झालें. जी मंडळी बोटींतून उतरली, त्यांना मागें राहिलेलें आपलें घर ८७५ किलोमीटरांवर आहे हें ठाऊक होतें. परंतु तें अंतर आतां मैलांत मोजण्याचें राहिलें नव्हतें. जुलै १९४८ पासून पाकिस्तानांतून येण्यास परवानापत्र लागूं लागलें. १९५२ सालीं दोन्ही देशांमध्यें पारपत्रांची पद्धति सुरू झाली. ज्या प्रवासास पूर्वीं तिकिटाखेरीज कांहीं लागत नसे, त्याच्या आधीं आतां कचेरीच्या दारांत उभें राहण्याचा काळ मोजावा लागूं लागला. कोणत्याहि वेळापत्रकांत हा काळ छापलेला नसतो.

त्याच सुमारास यंत्राच्या प्रगतीनेंहि कराचीचें जुनें माहात्म्य कमी केलें. ८ जून १९४८ रोजीं एअर-इंडिया इंटरनॅशनलचें ‘मलबार प्रिन्सेस’ हें विमान मुंबईहून कैरो आणि जिनीव्हामार्गें लंडनला गेलें. एका दमांत लांबचा पल्ला गाठणारें विमान हातीं आल्यावर मुंबईच्या टपालास कराचीच्या दारावर थांबण्याचें कारण उरलें नाहीं. सोळा वर्षांपूर्वीं ज्या दारानें युरोपचें पत्र मुंबईच्या घरांत येई, तें दार आतां वळचणीस पडलें. १९३२ सालीं ह्या दोन शहरांस विमानानें जोडलें ते विलायतेच्या टपालापायीं. तें निमित्त संपल्यावर उरलीं तीं केवळ माणसें आणि त्यांचे नातेसंबंध.

१९६० नंतरच्या दशकांत झोतविमानें आलीं आणि कराची–मुंबईचा अवधि दीड तासांवर उतरला. यंत्रानें आपलें काम चोख केलें होतें. परंतु १९६५ च्या युद्धांत जोधपूरहून सिंधमध्यें जाणारी रेल्वे बंद पडली, आणि ती पुन्हां सुरू होण्यास २००६ सालचा फेब्रुवारी उजाडला. मधें चाळीस वर्षें लोटलीं. आकाशाचीहि तीच गत झाली. ३० जानेवारी १९७१ रोजीं इंडियन एअरलाइन्सचें ‘गंगा’ नांवाचें विमान पळवून लाहोरला नेण्यांत आलें आणि तेथें जाळण्यांत आलें. त्यानंतर भारतानें पाकिस्तानी विमानांस आपल्या आकाशांतून जाण्याची मनाई केली. पाकिस्तानचे तेव्हां पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग होते. कराची ते ढाका हें सरळ अंतर २,४०० किलोमीटरांहूनहि थोडें कमी. परंतु बंदीनंतर त्या विमानांना सिंहलद्वीपांतील कोलंबोवरून जावें लागूं लागलें, आणि तोच मार्ग साडेचार हजार किलोमीटरांच्या आसपास गेला. नकाशावरील दोन्ही गांवें जागच्या जागीं होतीं. एका हुकुमानें त्यांमधील वाट जवळजवळ दुप्पट झाली.

१९७६ सालीं भारत-पाकिस्तान हवाई वाहतूक पुन्हां सुरू झाली. मग डिसेंबर २००१ मध्यें दिल्लींतील संसदभवनावर हल्ला झाला, आणि १ जानेवारी २००२ पासून तिला पुन्हां टाळें लागलें; तें १ जानेवारी २००४ रोजीं उघडलें. दरम्यान १९९४ सालीं कराचींतील भारतीय वकिलातीची शाखा बंद झाली होती. त्यामुळें मुंबईस येऊं इच्छिणाऱ्या कराचीकरास परवान्यासाठीं प्रथम उत्तरेस, हजारएक किलोमीटरांवरील इस्लामाबादेकडे पाहावें लागूं लागलें. २०१७ सालीं पाकिस्तान इंटरनॅशनल एअरलाइन्सनें आपली कराची–मुंबई सेवा थांबविली. २०१९ च्या फेब्रुवारींत पाकिस्तानचें आकाश बंद झालें आणि जुलैंत उघडलें. त्याच वर्षींच्या ऑगस्टांत जोधपूरची गाडीहि थांबली. एप्रिल २०२५ मध्यें पहलगाम येथील हत्याकांडानंतर दोन्ही देशांनीं एकमेकांच्या विमानांस आपापलें आकाश पुन्हां बंद केलें.

सरळ विमान नसलें म्हणजे उतारूनें काय करावयाचें? त्यास द्राविडी प्राणायाम करावा लागतो. कराचीहून पश्चिमेस दुबईला जावयाचें, तें सुमारें १,१९० किलोमीटर, तेथें तिष्ठावयाचें, आणि मग पूर्वेस मुंबईला यावयाचें, तें सुमारें १,९२५ किलोमीटर. एकूण ३,१०० किलोमीटरांहून अधिक, म्हणजे सरळ अंतराच्या साडेतीनपट. पांच तास तरी हवेंत जातात, आणि मधला मुक्काम धरला म्हणजे पस मॉथच्या सात तासांचीहि मर्यादा सहज ओलांडली जाते. एका यंत्राच्या, बिनतारीरहित, बैलगाडींतून पेट्रोल घेणाऱ्या विमानानें जें १९३२ सालीं साधलें, तें शेकडों माणसें एका वेळीं वाहून नेणाऱ्या विमानांच्या युगांत साधेनासें झालें. ह्यांत दोष यंत्राचा नाहीं, वाऱ्याचा नाहीं, कीं कच्छच्या रणाचाहि नाहीं. बंदी कोणत्या सरकारनें केव्हां आणि कां घातली, ह्याचीं कारणें प्रत्येक वेळीं निराळीं होतीं, आणि त्यांतील कित्येक निरपराध माणसांच्या रक्तानें लिहिलेलीं होतीं; तीं क्षुल्लक मानणें योग्य होणार नाहीं. परंतु त्या कारणांची किंमत मात्र प्रत्येक वेळीं ज्यांनीं तीं निर्माण केलीं नाहींत अशा माणसांनाहि भरावी लागली. आजारी बहिणीस भेटावयास निघालेला वृद्ध आणि लेकीच्या लग्नास पोंचूं पाहणारी आई ह्यांच्या लेखीं कराची–मुंबईचें अंतर म्हणजे हाच अवधि होय.

जहांगीर टाटांनीं हा मार्ग पुढें दोन वेळां मुद्दाम पुन्हां आक्रमिला. १९६२ सालीं पहिल्या उड्डाणास तीस वर्षें झालीं, तेव्हां, आणि १९८२ सालीं पन्नास वर्षें झालीं, तेव्हांहि, ते ‘लेपर्ड मॉथ’ जातीच्या जुन्या, एका यंत्राच्या विमानांत बसून १५ ऑक्टोबर रोजींच कराचीहून मुंबईस आले. दुसऱ्या खेपेस त्यांचें वय ७८ वर्षांचें होतें. मधल्या वीस वर्षांत दोन देशांमध्यें दोन युद्धें झालीं होतीं; तरीहि एका वृद्ध वैमानिकास कराचीहून उड्डाण करण्याची अनुमति मिळाली, आणि जुहूस उतरण्याचीहि मिळाली. दोन्ही सरकारांनीं मनावर घेतलें तर ही वाट उघडतां येते, ह्याचा हा पुरावा आहे.

१५ ऑक्टोबर २०२२ रोजीं, म्हणजे पहिल्या उड्डाणास नव्वद वर्षें झालीं त्या दिवशीं, आरोही पंडित ह्या तरुण महिला वैमानिकानें एका लहान विमानांतून तोच मार्ग पुन्हां आक्रमिला. अहमदाबादेचा थांबा होता, जुहूचें उतरणें होतें. आरंभ मात्र कराचीहून नव्हता. तो कच्छमधील भूजहून करण्यांत आला. भूजहून कराची हवाई मार्गानें सुमारें ३१० किलोमीटर आहे. पस मॉथनें तेवढा पल्ला दोन तासांत कापला असता.